पिवळा स्टिकर वाचलात का?

मे महिना जवळ आला की या सदराच्या पत्रांचा नूर बदलतो. हिवाळाभर बर्फाचे टायर आणि उतरलेल्या बॅटऱ्या यांवर चर्चा, आणि आता ज्याला त्याला ट्रेलर ओढायचाय. यंदाची बरीच पत्रं उंच, जाड टायरांच्या, डोंगरदऱ्यांत घालायला म्हणून घेतलेल्या पिकअपांबद्दल आहेत. तेव्हा या महिन्यात फक्त त्याच.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही ऑरोराला, म्हणजे डेन्व्हरला खेटूनच राहतो. हौसेने फोर्डची एफ-150 रॅप्टर घेतली. आता 28 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर पसंत केलाय, मागे मुलांसाठी बंक बेड आहेत. रिकामं वजन 6,100 पौंड, भरून जास्तीत जास्त 7,600. विक्रेता म्हणाला, रॅप्टर 8,200 पौंड ओढते, म्हणजे 600 पौंड हातचे राहिले. पण एका मित्राची साधी एफ-150 आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ओढते म्हणे. आमची गाडी त्याच्या गाडीहून महाग आहे! आम्ही दोघं, दोन मोठे मुलगे, आणि जूनमध्ये सांगलीहून सासूबाई येणार आहेत. सोबत गाडीचे फोटो जोडले आहेत. (एक वाचक, ऑरोरा, कोलोरॅडो)

मित्र खरं बोलतोय. योग्य इंजिन आणि टोइंग पॅकेज घेतलेली साधी एफ-150 तेरा हजार पौंडांच्या पुढे जाते. तुमची 8,200 वर थांबते. रॅमची टीआरएक्स, म्हणजे रॅप्टरचीच प्रतिस्पर्धी, 8,100 ला, तीही 700 हॉर्सपॉवर असून. शेव्हरोलेची नवी कोलोरॅडो पिकअप साध्या रूपात 7,700 ओढते, तीच झेडआर-2, म्हणजे डोंगरदऱ्यांसाठीची, झाली की 6,000. तुम्ही जास्तीचे पैसे मोजलेत ते ओढण्यासाठी मोजलेच नव्हते. खड्ड्यावरून उडी मारून अलगद उतरावं म्हणून रॅप्टरला मागे लांब, मऊ कॉइल स्प्रिंग दिल्या आहेत. चाक खूप वरखाली व्हायला हवं, म्हणून स्प्रिंग मऊ. आणि मऊ स्प्रिंगवर मागून ओझं टेकवलं की ती बसणारच. त्यात 35 इंची टायर, त्यांच्या उंच, लवचिक कडा, खालचे लोखंडी संरक्षक पत्रे. या सगळ्याचं वजन गाडी आधीच वाहतेय.

पण 8,200 च्या आकड्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण तुमची गाडी त्या आकड्याच्या बऱ्याच आधी अडणार आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर आलाय. फोटो स्पष्ट आहे, पण तुम्ही तो वाचलेला दिसत नाही. त्यावर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून 1,290 पौंडांच्या वर जाता कामा नये. हा आकडा खास तुमच्या गाडीचा आहे. जाहिरातीत 1,400 असतं, तुमच्या गाडीत जे जे पर्याय घातले ते त्यातून वजा झालेत.

आता बेरीज करू. तुम्ही पाच जण, मुलं आता मोठी झालीत, धरा 710 पौंड. मागच्या हौद्यात कूलर, जनरेटर, लाकडं, खुर्च्या मिळून 200. ट्रेलर ट्रकला जोडतो तो हिच, तुम्हाला लागेल तो ओझं वाटून देणारा, तोच 80 च्या घरात. आणि मग ट्रेलरचा पुढचा दांडा, ज्याला सगळे टंग म्हणतात. त्याचा भार थेट ट्रकच्या पाठीवर येतो, आणि स्टिकरच्या हिशेबात तो सामानच. असा ट्रेलर नीट चालायचा तर एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार टंगवर हवाच. बैलगाडी मागून जास्त भरली की उलाळ होते, जू वर उचललं जातं, तसं इथं झालं तर हायवेवर शेपूट हलायला लागतं. तुमचा ट्रेलर सहलीला निघताना 7,200 चा तरी असणार. त्याचे 13 टक्के म्हणजे 936. सगळं मिळून 1,926. स्टिकरच्या 636 पौंड वर. टंगचा भार कंजूसपणे 10 टक्के धरला तरी 420 वर. शिवाय हिचवरच एक वेगळा स्टिकर असतो, त्यावर टंगची वेगळी मर्यादा असते. तोही वाकून बघा.

विक्रेत्याने यातलं काही सांगितलं नाही याचं मला नवल नाही. त्याला ट्रेलर विकायचाय, डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगरातल्या आयझनहॉवर बोगद्यापलीकडचा उतार त्याला उतरायचा नाही. ‘रिकामं वजन’ हा तर या धंद्यातला सगळ्यात निरुपयोगी आकडा. रिकामा ट्रेलर कुणी ओढत नाही. एक गॅलन पाणी 8.34 पौंडांचं, 40 गॅलनची टाकी भरली की 333 पौंड तिथेच गेले. प्रोपेनच्या दोन टाक्या, बॅटरी, भांडी, प्रेशर कुकर, आणि आपल्या घरचा म्हणून दहा किलोंचा तांदूळ. हसू नका, लोक नेतात. म्हणून हिशेब नेहमी ट्रेलरच्या कमाल वजनाचा करावा.

‘मागे स्प्रिंगच्या जोडीला हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर बॅग, बसवल्या तर?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. एअर बॅगेने गाडीचा मागचा भाग वर येतो, बघायला सपाट दिसतो. स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही बदलत नाही. ओझं वाटणारा हिच लावावाच, त्याने थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर जातो आणि स्टिअरिंग हलकं पडत नाही. पण 636 पौंड तो कुठे लपवणार?

मग करायचं काय? पाच जण, हौद्यात फक्त 100 पौंड सामान, हिच 80, असं धरलं तर टंगसाठी 400 उरतात. म्हणजे भरलेला ट्रेलर 3,100 ते 3,200 पौंडांचा. दोघांना झोपायला ठीक, पाच जणांना नाही. सासूबाई दुसऱ्या गाडीतून आल्या तर 530 उरतात आणि ट्रेलर 4,100 पर्यंत जातो. सासूबाईंना हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, या सदरात ती सोय नाही. बंक बेडच्या त्या ट्रेलरवर मन बसलंच असेल तर त्याच्यासाठी साधा, जास्त पेलोडचा, म्हणजे स्टिकरवरचा आकडा मोठा असलेला एफ-150 किंवा सरळ त्याच्या वरच्या वर्गातला तीन चतुर्थांश टनी ट्रक लागेल, आणि रॅप्टर घरी.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, वजन करून घ्या. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, थोड्या डॉलरांचं काम आहे. जमिनीत सलग तीन लोखंडी फळ्या असतात. पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर येतील असं उभं राहायचं. बोलण्याचं बटण मोठ्या ट्रकवाल्यांच्या खिडकीच्या उंचीवर आहे. रॅप्टर कितीही उंच असली तरी खाली उतरून हात लांबवावा लागतो. आतून ट्रक नंबर विचारतील, खाजगी गाडी आहे म्हणून सांगायचं. कागद घेतला की बाजूला ट्रेलर सोडून एकटा ट्रक परत फळीवर आणायचा. ‘पहिलं वजन की पुन्हा?’ असं विचारतात, ‘पुन्हा’ म्हणायचं, दुसऱ्या वेळचे पैसे कमी पडतात. ट्रेलरसकट ट्रकच्या दोन फळ्यांची बेरीज वजा एकट्या ट्रकचं वजन म्हणजे तुमच्या ट्रकवर येणारा टंगचा भार. मात्र वजनाच्या वेळी सगळं कुटुंब गाडीत बसलेलं हवं, आणि ओझं वाटणाऱ्या हिचचे दांडे ढिले केलेले हवेत, नाहीतर आकडा फसवा येतो.

प्रश्न : माझी टोयोटा टाकोमा टीआरडी ऑफ-रोड आहे, 2019 ची. तीन इंच उचलून घेतली आणि 33 इंची टायर टाकले. ट्रेलर जेमतेम 3,500 पौंडांचा, तरी आय-70 हायवेवर डोंगर चढताना गिअर सारखे वरखाली होतात, आणि उतरताना ब्रेकचा वास येतो. ट्रान्समिशन गेलं का? (एक वाचक, लेकवूड)

ट्रान्समिशन ठणठणीत असावं. तुम्हीच त्याला कोड्यात टाकलंय. मूळ टायर साडेतीस इंचांच्या आसपास होते, तुम्ही 33 चे घातले. प्रत्येक फेऱ्यात चाक आठ टक्के जास्त अंतर जातं, म्हणजे सगळे गिअर तेवढे उंच झाले. वरून त्या व्ही-6 ला टर्बो नाही. उंचीवर हवा विरळ होते, आणि अशा इंजिनाची दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद जाते. आयझनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे. कागदावरच्या 278 हॉर्सपॉवरमधली एक तृतीयांश तिथपर्यंत पोचतच नाही. मग सहावा गिअर झेपत नाही, पाचवा जास्त ओरडतो, आणि गाडी दोन्हींमध्ये चकरा मारते. गिअरचा लिव्हर एसकडे ओढा, चौथ्याला बांधून टाका, इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर ओरडू दे. टोयोटाला त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते तुम्हाला. कायमचा इलाज म्हणजे डिफरन्शियलमधले, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या डब्यातले गिअर बदलून घेणं, किंवा मूळ मापाचे टायर परत घालणं. दुसरा स्वस्त आहे. स्पीडोमीटरही तेवढाच मागे पडलाय हे विसरू नका: काटा 60 दाखवतो तेव्हा तुम्ही 65 च्या जवळ असता.

उताराचं मात्र मी गंभीरपणे सांगते. बोगद्यातून पलीकडच्या सिल्व्हरथॉर्न गावाकडे रस्ता सुमारे 2,000 फूट खाली येतो, काही ठिकाणी सात टक्के उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळूचे चढ काही उगाच बांधलेले नाहीत. आपल्याकडे घाटातले जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. तेच इथेही. बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच वेग कमी, गिअर खाली, आणि मग ब्रेक दाबायचा तो ठामपणे, थोडा वेळ, आणि सोडायचा. पाय ठेवून बसायचं नाही. तुमच्या टाकोमाला मागे ड्रम ब्रेक आहेत, तापले की धरत नाहीत. आणि ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर बसवलाय की नाही, ते पत्रात लिहिलं नाहीत. कोलोरॅडोत 3,000 पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ट्रेलरला ते असतील आणि ट्रकमध्ये कंट्रोलर नसेल, तर 3,500 पौंडांचा ट्रेलर थांबवायचं सगळं काम ट्रकच्या बिचाऱ्या ब्रेकांच्या अंगावर येतं. वास तिथून येत असेल.

आणखी एक. ट्रक तीन इंच उचललात, हिचचा बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो तो गोळा, खाली आणलात का? नाही तर ट्रेलर नाक वर करून चालतो, दोन अ‍ॅक्सलचा असेल तर भार मागच्यावर जातो. सपाट जागी उभा करून बाजूने बघा. नाक समतल किंवा जरासं खाली हवं. खाली सरकवता येणारा हिच मिळतो, तो घ्या.

प्रश्न : मोठा ट्रेलर शेजारून गेला की आमचा ट्रेलर डुलतो. नवरा लगेच ब्रेक दाबतो. बरोबर आहे का? आणि मुलं मागे ट्रेलरमध्ये झोपली तर चालेल का? (एक वाचक, फोर्ट कॉलिन्स)

ब्रेक दाबू नये. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि कंट्रोलरवरची सरकपट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागे ओढला जातो आणि सरळ होतो. ही पट्टी कुठे आहे ते रिकाम्या पार्किंगमध्ये चाचपून ठेवा, डुलायला लागल्यावर शोधू नका. दर वेळी डुलत असेल तर मात्र टंग हलकी आहे. मागच्या कपाटातलं जड सामान अ‍ॅक्सलच्या पुढे आणा. वेगही बघा. ट्रेलरचे काही टायर ताशी 65 मैलांसाठीच केलेले असतात. कॅलिफोर्नियाला गेलात तर तिथे ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच 55.

मुलं ट्रेलरमध्ये? नाही. कोलोरॅडोत बेकायदा आहे, आणि नसतं तरी माझं उत्तर हेच.

प्रश्न : ओढण्यात हे ट्रक कमी पडतात असं तुम्ही सतत लिहिता. मग घ्यायचेच कशाला? (एक वाचक, पुएब्लो)

ट्रेलर सोडल्यावरच्या मजेसाठी. तुमच्याच जवळचं उदाहरण देते. ग्रेट सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांच्या राष्ट्रीय उद्यानात पिन्योन फ्लॅट्सच्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलर लावा, चाकांखाली ठोकळे घाला, साखळ्या सोडा, आणि ट्रक घेऊन मेडानो पासच्या वाटेला लागा. 22 मैलांची ती वाट सुरुवातीलाच मऊ वाळूत शिरते, पुढे मेडानो क्रीक पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते, आणि जवळजवळ दहा हजार फुटांवर खिंड आहे. उंच तळ आणि फोर-व्हील ड्राइव्ह असलेल्या गाडीलाच तिथे जाता येतं. तिथे मऊ स्प्रिंग, मोठे टायर, सगळ्याचे पैसे वसूल. साध्या टोइंगच्या ट्रकने मात्र खालीच थांबून टेकड्यांचे फोटो काढावेत. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला ओढ्याला पाणी जास्त असतं, वाट बंदही असते, तेव्हा निघण्याआधी पार्कच्या कार्यालयात विचारून घ्या.

वाळूत शिरण्याआधी टायरची हवा बरीच कमी करावी लागते. परत येऊन ट्रेलर जोडण्याआधी ती दाराच्या स्टिकरवर लिहिलेल्या दाबापर्यंत भरा, आणि गेज लावूनच भरा, नुसतं बघून नाही. अर्ध्या हवेच्या टायरांवर ट्रेलर ओढत निघालेली एक गाडी मी वालसेनबर्गच्या पेट्रोल पंपावर बघितलीय, मागच्या टायरच्या कडेला हात लावला तर चटका बसत होता.