नियम ठरलेला असताना टोकाच्या मूल्यांची संभाव्यता कुठून येते?

तुम्ही विचारलंय की डायनॅमिकल सिस्टिममध्ये, म्हणजे एका ठरलेल्या नियमाने पायरी-पायरीने बदलत जाणाऱ्या प्रणालीत, पुढची प्रत्येक अवस्था आधीच ठरलेली असते, मग तिच्यातल्या टोकाच्या मूल्यांवर संशोधन करणारे गणिती शोधतात तरी काय? मी याच विषयात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

० ते १ मधली एक संख्या घ्या. ती दुप्पट करा, उत्तर १ किंवा जास्त आलं तर १ वजा करा, आणि हेच करत राहा. यात नशिबाला जागाच नाही. पण सुरुवातीची संख्या आपल्याला पूर्ण अचूक कधीच माहीत नसते आणि दर पायरीला ती चूक दुप्पट होते. संभाव्यता येते ती या सुरुवातीच्या अनिश्चिततेतून.

आता एखादा बिंदू निवडून त्याच्या जितकं जवळ जाऊ तितकी वाढणारी राशी मोजायची. लाखो पायऱ्यांत तिची कमाल किंमत कशी वागेल? एकमेकांवर अवलंबून नसलेल्या निरीक्षणांचं उत्तर जुनं आहे: फिशर आणि टिपेट यांनी १९२८ मध्ये कमाल किमतीच्या संभाव्यतेची तीनच प्रकारची वितरणं उरतात हे दाखवलं, १९४३ मध्ये ग्नेडेन्कोंनी ते पक्कं केलं. इथे मात्र प्रत्येक किंमत आधीच्या किमतीतूनच निघते. तरीही २००१ मध्ये पिएर कोले यांनी काही केऑटिक (सुरुवातीची छोटी चूक झपाट्याने वाढवणाऱ्या) प्रणालींसाठी तसाच नियम सिद्ध केला. पुढे २०१० मध्ये आना फ्रायटस, जॉर्ज फ्रायटस आणि माइक टॉड यांनी दाखवलं की कमाल किमतीचा नियम आणि एखाद्या छोट्या भागात पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा नियम, यांतल्या एकावरून दुसरा काढता येतो.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो पुढचा भाग. ० हा बिंदू निवडा आणि त्याच्या जवळचा ० ते ०.००१ हा तुकडा घ्या; या तुकड्यात येणं म्हणजेच टोकाची घटना. काट्झ यांचं १९४७ चं प्रमेय सांगतं की इथून निघालेला बिंदू परत यायला सरासरी १००० पायऱ्या घेतो. पण ० दुप्पट केला तरी ० च राहतो, म्हणून त्या तुकड्यातले ० च्या जवळचे निम्मे बिंदू पहिल्याच पायरीला परत येतात. मग सरासरी १००० राहायची तर उरलेल्या निम्म्यांना सरासरी १९९९ पायऱ्या लागायलाच हव्यात! म्हणजे टोकाच्या घटना इथे सरासरी दोन-दोनच्या घोळक्याने येतात आणि मधली शांतता लांबते. १/३ हा बिंदू दोन पायऱ्यांनी स्वतःवर परततो, तिथे शेजारचे फक्त एक चतुर्थांश बिंदू लगेच परततात. आणि जो बिंदू कधीच स्वतःवर परतत नाही, तिथे घोळके होतच नाहीत. नियम तोच, सरासरीही तीच, तरी कुठे पाहतो यावर सगळं ठरतं. म्हणून ‘सरासरी इतक्या काळाने एकदा’ हे वाक्य मला नेहमी अपुरं वाटतं.

हे संगणकावर करून बघणार असाल तर एक सांगतो. दुपटीचा नियम संगणकाच्या नेहमीच्या (फ्लोटिंग-पॉइंट) गणितात चालवलात तर पन्नास-पंचावन्न पायऱ्यांत सगळं ० होऊन बसतं, कारण संगणकाकडे संख्येचे ५३ च द्विमान (० किंवा १) अंक असतात आणि दर पायरीला एक गळतो. मी विद्यार्थी असताना याच शून्यांत एक अख्खा आठवडा घालवला आहे. दुपटीऐवजी तिप्पट करा आणि उत्तराचा फक्त अपूर्णांक ठेवा. तिथे त्याच तुकड्यातले एक तृतीयांश बिंदू लगेच परततात. परतीच्या वेळांचा आलेख काढलात की पहिलाच स्तंभ बाकीच्यांपेक्षा कितीतरी उंच दिसेल.