रोम एका दिवसात उभं राहत नाही

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी अकरा व्यंगचित्रं मिळाली. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडली आणि दोन दिवस तशीच राहू दिली. येता-जाता बघत होतो. होमर, शेक्सपिअर, सीझर, नीरो, आणि सगळीकडे शब्दांवरच्या कोट्या. यातली कुठली चालतील, असं तू विचारलं आहेस. उत्तर देतो, पण एका चित्रापासून सुरुवात करतो. मला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं त्या एकाच चित्रात आहे.

टक्कल पडलेला माणूस आरशासमोर बसलाय, शेजारी तेलाची बाटली घेतलेला न्हावी, आणि खाली ओळ: 'रोम एका दिवसात बांधलं नाही.' रोम म्हणजे शहर, आणि रोम म्हणजे केसही. ही कोटी मराठीतच सुचू शकते, आणि ती तुला सुचली याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यातलं क्रियापद बघ. केस बांधतात, हे खरं. पण बांधलेले केस म्हटलं की डोळ्यापुढे अंबाडा येतो. टकलावर एका केसाची वाट बघणाऱ्या माणसाशी त्याचं काही नातं नाही. 'बांधलं'च्या जागी 'उभं राहणं' घालून बघ. शहर उभं राहतं, आणि अंगावरचे रोमही उभे राहतात. 'रोम एका दिवसात उभं राहत नाही.' आता एकाच क्रियापदानं दोन्ही अर्थ उचलून धरले.

दुसरी गोष्ट, हा टकल्या निनावी का? सुएटोनियसनं सीझरचं चरित्र लिहिलंय, त्यात स्पष्ट आहे: सीझरला स्वतःच्या टकलाचं फार वाईट वाटायचं, विरोधक त्यावरून चिडवायचे, म्हणून तो मागचे विरळ केस पुढे विंचरून घ्यायचा. सिनेटनं दिलेल्या सगळ्या मानांमधला त्याला सर्वांत आवडलेला मान कोणता, तर नेहमी लॉरेलच्या पानांचा मुकुट घालायची मुभा. विजययात्रेत त्याचेच सैनिक गात होते की लोकहो, बायका सांभाळा, टकल्या रंगेल येतोय. आणि 'सीझर' या नावाची प्राचीन लेखकांनी सांगितलेली एक व्युत्पत्ती 'दाट केस' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासूनची आहे! इतकं सगळं हाताशी असताना तू आरशासमोर कुणालातरी बसवलंस. तिथे सीझरला बसव. मुकुट बाजूच्या खुंटीवर टांग. डोक्यावर एकच केस काढ, ताठ उभा, निब जरा दाबून. बाकी चित्रात बारीक रेघ ठेव, म्हणजे नजर थेट त्या केसावर जाईल.

मला काय म्हणायचंय ते एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. कोटीचे दोन्ही अर्थ चित्रात खरे असले पाहिजेत. एक अर्थ नुसता आवाजानं जवळ आला म्हणून धरून आणलेला असेल, तर वाचक ओळ वाचतो, 'बरं' म्हणतो आणि पान उलटतो.

तुझं सीझर सॅलडचं चित्र यासाठीच बाजूला ठेवलंय. ताटात सीझर आणि अंगात तेवीस काटे. तेवीस वार झाले हे तू नेमकं लक्षात ठेवलंस, शाबास. पण ते सॅलड मेक्सिकोतल्या टिहुआना शहरात सीझर कार्डिनी नावाच्या हॉटेलवाल्यानं १९२४च्या सुमारास केलेलं. रोमच्या सीझरशी त्याचा संबंध फक्त नावाचा, आणि या नावावर इंग्रजीत इतकी चित्रं होऊन गेली आहेत की आता त्यातून नवं काही निघणार नाही.

पॉलिफेमसचं चित्र मात्र जवळजवळ तयार आहे. 'ओडिसी'च्या नवव्या सर्गातला प्रसंग: ओडिसियस त्या एकाक्ष राक्षसाला आपलं नाव 'आउटिस', म्हणजे 'कोणी नाही', असं सांगतो. मग त्याचा डोळा फोडतो. राक्षस ओरडतो, शेजारी विचारतात, तर हा म्हणतो, कोणी नाही मला मारत! शेजारी परत जातात. तू त्याला पोलीस चौकीत आणलंस, हवालदार विचारतोय, 'कोणी मारलं?' आणि तो म्हणतोय, 'कोणी नाही.' ग्रीकमधली कोटी मराठीत जशीच्या तशी उतरते, कारण ती अर्थावर उभी आहे.

त्याच जागी होमरनं आणखी एक कोटी पेरली आहे, ती मात्र नादावरची. शेजाऱ्यांच्या तोंडी 'कोणी नाही' हेच वेगळ्या शब्दांत येतं, 'मी टिस', आणि ते जोडून ऐकलं की 'मेटिस' होतं, म्हणजे युक्ती. ओडिसियस मनात हसतो, ते या युक्तीवरच. तुला हे अवघड वाटायचं कारण नाही; शाळेत तू दमयंतीचं 'औषध न लगे मजला' शिकली आहेस. 'न लगे' तोडून 'नल गे' केलं की औषध नको असं म्हणता म्हणता नल हेच माझं औषध असं ती सांगून जाते. सभंग श्लेष तो हाच. आपल्या पंतकवींना आणि होमरला एकच खेळ आवडत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चौकीच्या चित्रात एकच भर घाल. हवालदाराच्या बाकाखाली एक मेंढा उभा कर आणि त्याच्या पोटाखालून माणसाचे दोन पाय डोकावू देत. ओडिसियस गुहेतून तसाच निसटला. ज्यानं होमर वाचलाय तो दोनदा हसेल, ज्यानं वाचला नाही तो एकदा. तळटीप देऊ नकोस.

तू लिहिलंयस की चित्रातून कोटी करणं हा उसना प्रकार वाटतो, खरी कोटी शब्दांतलीच. हे मला पटत नाही, आणि रोमन माणसालाही पटलं नसतं. रोमचा नामांकित वक्ता आणि राजकारणी सिसेरो, त्याच्या घराण्याचं हे नाव लॅटिनमधल्या हरभऱ्याच्या शब्दावरून आलेलं. मित्र म्हणत, राजकारणात यायचंय तर हे नाव बदल. तो बदलेना. प्लुटार्क सांगतो की सिसिलीत अधिकारी असताना सिसेरोनं देवाला चांदीची वस्तू वाहिली, तिच्यावर 'मार्कुस' आणि 'टुलिउस' ही दोन नावं अक्षरांत कोरून घेतली आणि तिसऱ्याच्या जागी कारागिराला हरभरा कोरायला लावला. इ.स.पू. ७५चा सुमार. नाण्यांवरही तेच. टांकसाळीच्या अधिकाऱ्याचं नाव विटुलुस, म्हणजे वासरू, म्हणून दिनारावर वासरू. क्रॅसिपेस, म्हणजे जाड पायाचा, तर त्याच्या नाण्यावर देवीच्या मस्तकामागे पाऊल. पोम्पोनिउस मूसानं तर कलांच्या नऊ देवता, नऊ म्यूझ, एकेका नाण्यावर आणल्या. कोटी चित्रातून करायची रीत इतकी जुनी आहे, आणि तू तिची वारस आहेस.

आता ज्या चित्राबद्दल मला तुझ्याशी सर्वांत जास्त बोलायचंय ते तू काढलेलंच नाहीस. ते तू काढावंस अशी माझी इच्छा आहे.

इ.स.पू. ४३. सीझरचा खून होऊन वर्ष उलटलंय. त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन १९ वर्षांचा आहे, फौज जमवून बसलाय, आणि सिसेरोला तो सीझरचा जुना सहकारी अँटनी याच्याविरुद्ध हवा आहे. तेव्हा सिसेरो या पोराबद्दल तीन शब्द बोलून जातो: याची स्तुती करावी, याचा सन्मान करावा, आणि याला 'टोलेन्डुम'. या तिसऱ्या शब्दाचा एक अर्थ वर चढवावं, आणि दुसरा अर्थ काढून टाकावं. इंग्रजी अनुवादक इथे अडखळतात, दोन शब्द देतात किंवा खाली टीप लिहितात. मराठीत 'उचलावं' म्हण, संपलं. आपण मान द्यायला माणसाला खांद्यावर उचलतो, आणि माणूस नाहीसा केला तरी त्याला उचलला म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीची कोटी आपल्या रोजच्या क्रियापदात आयती बसते.

सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक, डेसिमस ब्रूटस, याचं सिसेरोला आलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. तुझं वाक्य त्या मुलाच्या कानावर गेलंय, आणि स्वतःला उचलू देणार नाही असं तो म्हणतोय, असं त्यात कळवलंय. त्याच वर्षी ७ डिसेंबरला सिसेरो मारला गेला. त्याचं डोकं आणि हात फोरममधल्या भाषणाच्या चौथऱ्यावर लावले. ऑक्टेव्हियननं अँटनीशी तडजोड केली होती, आणि त्यांनी ठरवलेल्या मारायच्या माणसांच्या यादीत सिसेरोचं नाव होतं.

हे कसं काढशील? मी असं करून बघेन. म्हातारा सिसेरो, त्याचे दोन्ही हात पोराच्या काखेत, पोरगा जमिनीपासून वीतभर वर. उजवीकडे रिकामा चबुतरा, डावीकडे कठडा आणि त्यापलीकडे काही नाही. सिसेरोचे पाय कुठल्या बाजूला वळलेत ते दाखवू नकोस, टोग्याच्या चुण्यांखाली झाकून टाक. पोराची नजर मात्र सरळ सिसेरोच्या हातांवर असू दे. ओळ एकच शब्दाची. मी तीन वेळा कच्चं स्केच केलं, आणि पोराच्या चेहऱ्यावर दर वेळी भीतीच आली. ती नकोय. त्याला समजलंय, एवढंच दिसायला हवं. तुझी रेघ माझ्यापेक्षा शांत आहे, तुला जमेल.

अनुवादाचं एक सांगतो, कारण शेक्सपिअरच्या दोन्ही चित्रांत तू तिथेच अडकलीस. 'ज्युलियस सीझर' उघडतं तेच एका चांभाराच्या कोट्यांनी. तो इंग्रजीत 'सोल' म्हणतो, ऐकणाऱ्याला बुटाचा तळही ऐकू येतो आणि आत्माही. मराठीत हे येत नाही, आणि तू ओढून आणायला गेलीस तिथे चित्र दमलं. अ‍ॅस्टेरिक्स या फ्रेंच चित्रकथांच्या अनुवादकांनी काय केलं ते बघ. एका पुस्तकात चाच्यांचं जहाज बुडतं आणि ते तराफ्यावर अगदी जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या 'मेदूझचा तराफा' या चित्रातल्यासारखे पसरलेत. मूळ फ्रेंचमध्ये कप्तान म्हणतो, 'मी मेदूझे झालोय', म्हणजे थिजलोय, आणि त्या चित्रामागच्या 'मेदूझ' जहाजाचं नावही आलं. इंग्रजीत अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांनी ती ओळ सोडून दिली आणि त्याला म्हणायला लावलं की आपल्याला 'फ्रेम' केलंय, 'बाय जेरिको'. फ्रेम म्हणजे अडकवणं आणि चौकटही, आणि जेरिको या गावाच्या नावात चित्रकार ऐकू येतो. त्यांनी शब्द सोडले आणि प्रसंग धरला. तूही चांभार ठेव, आरी ठेव, अधिकाऱ्याचा चढलेला आवाज ठेव, आणि मराठीत त्याला काय सुचलं असतं ते शोध.

नीरोच्या हातात व्हायोलिन आहे. इ.स. ६४च्या आगीच्या वेळी व्हायोलिन जन्मालाच आलं नव्हतं, आणि आग लागली तेव्हा तो अँटियममध्ये होता असं टॅसिटस सांगतो. तरी व्हायोलिन राहू दे. रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता, तू त्या म्हणीचं चित्र काढलंयस. दोन बोटं वर करून, म्हणजे रोमन आकडा 'V' करून, पाच पेले मागणारा रोमन सैनिकही छान आहे. तो फुगा काढून टाक, बोटं पुरेशी आहेत.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, 'माझं वय लहान आहे, मी या मोठ्या लोकांवर काय कोट्या करणार.' १८४३ साली इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरनं सिंध बळकावला. पुढच्या वर्षी मे महिन्यात लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात छापून आलं की सेनापतीनं एका शब्दाची खबर पाठवली: 'पेक्कावी'. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'मी पाप केलं आहे'. इंग्रजीत म्हटलं तर 'आय हॅव सिन्ड', आणि ऐकायला 'माझ्याकडे सिंध आहे'. ती खबर नेपियरनं कधीच पाठवली नव्हती. कॅथरीन विंकवर्थ नावाच्या मुलीनं ती कोटी करून 'पंच'ला पाठवली होती, आणि ती तेव्हा १६ वर्षांची होती. सिंध जिंकला हेही खरं होतं, आणि ते पाप होतं हेही. तो सिंध पुढे १९३६पर्यंत आपल्या मुंबई इलाख्यातच होता.

केसाचं चित्र शाईत करून आधी पाठव. सिसेरोचं पेन्सिलीतच पाठव, पोराच्या डोळ्यांवर आपण समोरासमोर बसून बोलू.

तुझा,
सर