जुन्या डीप फ्रीझरचा ड्राफ्ट बिअर डिस्पेन्सर करायचाय. टॅपसाठी बाजूला भोक पाडलं तर चालेल का?

अजिबात नको. चेस्ट फ्रीझरच्या (वर झाकण असलेल्या आडव्या फ्रीझरच्या) भिंतींत थंडाव्याच्या गॅसच्या नळ्या असतात. ड्रिल एकीला लागलं की फ्रीझर भंगारात. झाकणाची बिजागरं सोडवा, कडेवर ६-८ इंच उंच लाकडी चौकट सिलिकॉननं चिकटवा, झाकण तिच्यावर बसवा. टॅपची भोकं चौकटीत पाडा. १९ लिटरचा केग (बिअरची स्टीलची टाकी) साधारण ६४ सेंमी उंच असतो, आतली मापं आधी घ्या.

फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट बिअर गोठवेल. बाहेरून डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर लावा: ४ अंश, फरक १ अंश (म्हणजे तापमान तेवढं चढलं की फ्रीझर पुन्हा चालू), कॉम्प्रेसर डिले (बंद झाल्यावर पुन्हा चालू होण्याआधीची थांबण्याची वेळ) ५ मिनिटं. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, केगला चिकटवून वर थर्माकोलचा तुकडा लावा. नाहीतर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो.

नुसता फेस येतो ही तक्रार बहुतेक वेळा केगपासून टॅपपर्यंतच्या आखूड नळीमुळे असते. ५ मिमी आतल्या व्यासाची ३ मीटर नळी आणि १०-१२ पीएसआय (दाबाचं एकक) गॅसचा दाब, इथून सुरुवात करा. पहिलाच ग्लास फेसाळत असेल तर वरचा टॅप गरम राहतोय. आत कॉम्प्युटरचा छोटा १२ व्होल्टचा पंखा लावा.

पुण्याच्या पावसाळ्यात आत पाणी साचतं, बुरशी धरते. सिलिका जेल ठेवा, अधूनमधून पुसा. बिअर टॅपपर्यंत ढकलणारा सिलिंडर फूड-ग्रेड सीओटूचाच (कार्बन डायऑक्साइडचाच) घ्या, शक्यतो फ्रीझरबाहेर उभा बांधा आणि प्रत्येक जोड साबणाच्या पाण्यानं तपासा. गळलेला गॅस तळाशी साठतो, झाकण उघडल्याउघडल्या डोकं आत घालू नका.

आणि हो, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं बेकायदा आहे. कोंबुचा (आंबवलेल्या चहाचं पेय), सोडा याच टॅपवर बिनघोर चालतात.