श्रद्धेचे ‘डिकन्स्ट्रक्शन’: विघटन, विरचना की उसवण?

प्रश्न असा आहे. ख्रिस्ती धर्मचिंतनावरचा एक लेख मराठीत आणताना ‘फेथ डिकन्स्ट्रक्शन’ (लहानपणापासूनची श्रद्धा सुटी करून तपासणे) ह्या शब्दप्रयोगापाशी काम अडले. सध्याचे वाक्य: ‘उत्तर-आधुनिक काळात अनेक तरुण आपल्या श्रद्धेचे विघटन करून चर्चचा पुनर्विचार करीत आहेत.’ ह्यात ‘विघटन’ बरोबर आहे का, त्याऐवजी ‘विरचना’ लिहावे का, ‘चर्च’ म्हणावे की ‘मंडळी’, आणि ‘उत्तर-आधुनिक’ की ‘आधुनिकोत्तर’?

‘विघटन’ आधी काढून टाकावे. कचऱ्याचे विघटन होते, सोव्हिएत संघाचे झाले. घटक सुटे होतात आणि मूळ वस्तू उरत नाही. हा शब्द लिहिला की श्रद्धा संपली, असा निकाल वाचकाच्या मनात लागूनच जातो. ज्याच्याविषयी आपण लिहितो आहोत तो माणूस मात्र अजून विचारतोच आहे.

ही अडचण मराठीपुरती नाही. १० जुलै १९८३ रोजी ‘डिकन्स्ट्रक्शन’ ही संज्ञा गाजवणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदाने तोशिहिको इझुत्सु ह्या जपानी विद्वानाला पत्र लिहिले, ते नेमके ह्या शब्दाच्या जपानी अनुवादाबद्दल. (इझुत्सुंनी कुराणाचा अरबीतून जपानीत अनुवाद केला होता. धर्मग्रंथातला एकेक शब्द किती जड असतो, हे त्यांना वेगळे सांगायला नको होते.) देरिदा लिहितो की जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या ‘डेस्ट्रुक्त्सिओन’साठी त्याला फ्रेंच शब्द हवा होता, पण त्याच धातूचा सरळ फ्रेंच शब्द घ्यावा तर त्यात नायनाटाचा अर्थ फार. मग ‘डिकन्स्ट्रक्शन’चे फ्रेंच रूप त्याला आपसूक सुचले, आणि तो शब्द फ्रेंचमध्ये आहे ना हे पाहताना लित्रेच्या फ्रेंच कोशात सापडला. तिथे त्याचे अर्थ होते: यंत्र दुसरीकडे न्यायचे म्हणून त्याचे भाग सुटे करणे, आणि पद्याचा छंद काढून ते गद्यासारखे करणे. हा दुसरा अर्थ आपल्याला परका नाही. श्लोकाचा अन्वय लावणे म्हणजे दुसरे काय? पदे सुटी होतात, त्यांची जागा बदलते, कोणते पद कोणाला धरून आहे ते कळते आणि श्लोक जिथल्या तिथे राहतो.

मराठी समीक्षेने ह्यासाठी ‘विरचना’ रूढ केला आहे. तात्त्विक लेखनात तोच वापरावा, दुसरा घडवत बसू नये. पण त्यात एक गंमतशीर पेच आहे. संस्कृतात ‘विरचित’ म्हणजे रचलेले. ‘बुधकौशिकविरचितं श्रीरामरक्षास्तोत्रम्’ म्हणताना कोणी ते स्तोत्र मोडले, असे आपल्याला वाटत नाही. ‘वि’ हा उपसर्ग दोन्हीकडे चालतो: ‘विशुद्ध’मध्ये तो अर्थ वाढवतो, ‘विफल’मध्ये काढून घेतो. त्यामुळे ‘विरचना’ ह्या एकाच शब्दात बांधणेही ऐकू येते आणि सोडवणेही. मला हा दोष वाटत नाही. धर्मचिंतनाच्या संदर्भात तर तो गुणच आहे.

कारण ही कल्पना चर्चवर बाहेरून येऊन आदळलेली नाही. हायडेगरने तरुणपणी प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर बारकाईने वाचला होता. १५१८ साली हायडेलबर्गच्या वादसभेसाठी ल्यूथरने लिहिले होते की क्रुसामुळे कर्मे नष्ट होतात, म्हणजे स्वतःच्या कर्मांवर उभा असलेला माणसाचा डौल मोडतो. हायडेगरच्या शब्दामागे ल्यूथरचे ‘नष्ट होतात’ ह्या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे, असे अनेक अभ्यासक दाखवतात. देवाविषयीच्या आपल्या कल्पना देवाच्याच नावाने मोडाव्या लागतात, ही जाणीव ख्रिस्ती परंपरेच्या आतली आहे.

मग आज उसवले जाते आहे ते काय? इथे ‘श्रद्धा’ ह्या शब्दाकडेही पाहावे लागते. मराठी बायबल ग्रीक ‘पिस्तिस’साठी ‘विश्वास’ म्हणते, आणि इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याची व्याख्या ‘भरवसा’ आणि ‘खातरी’ अशा जोडीने येते. ‘भरवसा’च्या जागी ग्रीकमध्ये ‘हुपोस्तासिस’ आहे, म्हणजे खाली भक्कम उभे असलेले. ‘खातरी’च्या जागी ‘एलेंखोस’ आहे, आणि सॉक्रेटिस समोरच्याची उलटतपासणी करतो तिलाही हेच नाव. आधुनिक युगाने ह्या जोडीतली खातरी तेवढी उचलली आणि तिला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या अर्थाने शंकेपलीकडच्या ज्ञानाचे रूप दिले. जर्मन धर्मचिंतक हार्नाकने १९०० च्या सुमारास बर्लिनमधल्या व्याख्यानांत इतिहासाची टरफले काढून ख्रिस्ती धर्माचे ‘सार’ शोधले. १९७८ मध्ये इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांनी काढलेल्या शिकागो निवेदनाने बायबल पूर्णतः निर्दोष असल्याचे कलमवार मांडले. एक उदारमतवादी, दुसरे त्याच्या अगदी विरुद्ध टोकाचे. तरी दोघांनाही पाया हवा होता तो एकाच जातीचा, कोणालाही नाकारता न येणारा. शिकागो निवेदनानंतर वर्षभरातच, १९७९ मध्ये, फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी केलेला अहवाल प्रसिद्ध झाला आणि महाकथनांवरचा (सगळ्याचा अर्थ एकाच सूत्रात लावणाऱ्या मोठ्या कथनांवरचा) अविश्वास ही त्याने केलेली ‘उत्तर-आधुनिक’ची व्याख्या गाजली. ल्योतारचा रोख होता तो स्वतःला सार्वत्रिक विवेकाच्या जोरावर सिद्ध करू पाहणाऱ्या कथनांवर. येशूने सांगितलेले दाखले तसल्या सिद्धतेचा दावा करीत नाहीत. ते ऐकणाऱ्याकडून भरवसा मागतात. म्हणून माझे ठाम मत आहे की आजच्या संशयाचा घाव मुख्यतः त्या उसन्या खातरीवर बसतो. भरवशाला त्याने धक्का लागतो, पण तो त्यामुळे मरतोच असे नाही.

भाषेवर प्रेम करणाऱ्यांना अमेरिकन धर्मचिंतक जॉर्ज लिंडबेकचे १९८४ मधले प्रतिपादन विशेष आवडेल. त्याच्या मते धर्मसिद्धांत हे जगाविषयीच्या विधानांपेक्षा व्याकरणाच्या नियमांच्या जवळचे असतात. निकियाच्या सभेने ३२५ साली पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे म्हटले. त्या सिद्धांताचा चौथ्या शतकातला पुरस्कर्ता बिशप अथनासियस, त्याच्या वाटेने लिंडबेक त्याचा अर्थ असा लावतो: पित्याविषयी जे जे म्हणाल ते ते पुत्राविषयी म्हणा, फक्त त्याला पिता म्हणू नका. हा बोलण्याचा नियम झाला. व्याकरण न शिकताही माणूस बोलतो, पण एकटा बोलू शकत नाही. त्याला ती भाषा बोलणारी माणसे लागतात.

आता माझी सूचना. तत्त्वचर्चा असेल तिथे ‘विरचना’ ठेवा, पण माणसांच्या अनुभवाविषयी लिहिताना ‘उसवणे’ वापरून पाहा. ‘नात्याची वीण उसवली’ आपण म्हणतोच. ‘विश्वासाची वीण उसवली’ म्हणायला काहीच हरकत नाही. शिवण उसवताना कापड राखायचे असते, म्हणून टाका हलक्या हाताने काढतात. दुसरे, हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘तिने बाही उसवली’ आणि ‘बाही उसवली’, दोन्ही शुद्ध. श्रद्धेचे बहुतेकदा दुसऱ्या वाक्यासारखे होते. एखादी प्रार्थना, एखादा मृत्यू, वेगळ्या धर्माच्या माणसाशी जुळलेली घट्ट मैत्री, आणि काल बसलेला टाका आज सुटलेला दिसतो. कोणी ठरवून काही केलेले नसते. देरिदाही त्या पत्रात हेच सांगतो, की विरचना घडते, ती कोणा कर्त्याच्या निर्णयाची वाट पाहत नाही. मूळ मराठी वाक्यातले ‘विघटन करून’ म्हणूनच दुहेरी चुकते: नामही चुकीचे आणि ‘करून’ही.

पण प्रत्येक ठिकाणी हा शब्द नको. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने १९५० पासून तिथल्या कॅथलिक पाळकवर्गाकडून लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची संख्या अंदाजे २,१६,००० मांडली. अशा माणसाच्या श्रद्धेविषयी ‘उसवली’ म्हणणे अन्यायाचे आहे. ती फाडली गेली. तिथे ‘उत्तर-आधुनिक’ हे विशेषणही लावू नये. दोष काळाचा नसून करणाऱ्यांचा आणि लपवणाऱ्यांचा आहे, आणि ‘पुनर्विचार’ करायची जबाबदारी पीडितावर ढकलणारे वाक्य अनुवादकाने लिहू नये.

‘चर्च’ की ‘मंडळी’? इमारत किंवा संस्था अभिप्रेत असेल तर ‘चर्च’ ठेवावे, ते आता मराठीच आहे. नव्या करारातल्या ‘एक्लेसिया’साठी मात्र मराठी बायबलने ‘मंडळी’ वापरले आहे. ग्रीकमध्ये हा शब्द नगरसभेचा. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसच्या नाट्यगृहातल्या गोंगाट करणाऱ्या जमावालाही तोच लावला आहे. टिंडलने १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात ‘चर्च’ टाळून ‘काँग्रिगेशन’ घातले, तेव्हा कॅथलिक विद्वान टॉमस मोर संतापला, आणि १६११ च्या बायबलच्या अनुवादकांना तर ‘चर्च’च ठेवा असा लेखी नियम घालून दिला गेला. भांडण सत्तेचे होते: जमलेली माणसे म्हणजे चर्च, की त्यांच्यावरची व्यवस्था? मराठी वाचकाला हे भांडण करावेच लागत नाही. ‘मंडळी जमली’ ह्या वाक्यात मंडळी एकवचनी स्त्रीलिंगी की अनेकवचनी, हे क्रियापद सांगत नाही. करिंथकरांना पौलाने एक शरीर आणि पुष्कळ अवयव असे जे लिहिले, ते ह्या रूपात सहज मावते.

दक्षिण भारतात बिशप राहिलेले लेस्ली न्यूबिगिन १९७४ मध्ये इंग्लंडला परतले आणि १९८९ मध्ये त्यांनी लिहिले की शुभवर्तमानाचा एकमेव खरा उलगडा म्हणजे त्यावर विश्वास ठेवून जगणारी मंडळी. ज्याची वीण उसवली आहे त्याला युक्तिवादाने पटवता येत नाही, ह्याचे हे सर्वांत प्रामाणिक उत्तर मला वाटते. म्हणून तुमच्या वाक्यात मी ‘चर्चचा पुनर्विचार करीत आहेत’च्या जागी ‘मंडळी म्हणजे काय, हे नव्याने विचारत आहेत’ असे लिहीन.

राहिला ‘उत्तर’चा प्रश्न. ‘उत्तरपेशवाई’ म्हणजे पेशवाईचा शेवटचा भाग. पेशवाई संपल्यानंतरचा काळ नव्हे. ‘स्वातंत्र्योत्तर’, ‘मरणोत्तर’ म्हणजे मात्र नंतरचे. ह्या न्यायाने ‘आधुनिकोत्तर’ हा शब्द अधिक काटेकोर, आणि ‘उत्तर-आधुनिक’चा मराठी अर्थ आधुनिकतेचाच उत्तरार्ध असा होतो. तरी मी ‘उत्तर-आधुनिक’च ठेवीन. एक तर तो रूढ आहे. शिवाय ल्योतारनेच पुढे १९८२ च्या निबंधात ही अवस्था आधुनिकतेचाच भाग असल्याचे म्हटले. मधली आडवी रेघ ठेवा, म्हणजे ‘उत्तर’ म्हणजे जबाब, असा घोटाळा पहिल्या वाचनात होणार नाही.