लहरींची उष्णता आणि शरीरातली प्रथिने : वाचकांचे प्रश्न

मोबाइलपासून भट्टीपर्यंत सगळ्यालाच ‘रेडिएशन’ म्हणायची सवय लागल्याने पत्रांमध्ये नको तिथे भीती आणि हवी तिथे बेफिकिरी दिसते. म्हणून ही उत्तरे.

तासभर फोनवर बोललं की कान तापतो. मेंदूतली प्रथिने शिजत असतील का?

नाही. कान तापतो तो मुख्यतः फोनच तापल्यामुळे. लहरींनी ऊतींतलं पाणी किंचित तापतं, पण ती उष्णता रक्तप्रवाह वाहून नेतो.

फोनमागे लावायची ‘रेडिएशन शोषणारी’ चिप घ्यावी का?

घेऊ नका. तिने सिग्नल खरोखरच अडला, तर संपर्क टिकवायला फोन उलट जास्त शक्ती लावतो. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

काचेच्या भट्टीवर वीस वर्षं काम करतो. डाव्या डोळ्याला धूसर दिसतं, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. सहकारी म्हणतात, मोतीबिंदू विरघळवणारे थेंब घाल. घालू का?

थेंब घालू नका, डोळे दाखवा. तुमच्या कामात हा धोका खरा आहे. तापलेल्या काचेतून अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, निघतात. ते बुबुळात आणि भिंगात शोषले जातात. भिंगात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे उष्णता लवकर निघून जात नाही. भिंगाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा; गाभ्यातली प्रथिने तर जन्माआधी तयार झालेली, ती पुन्हा बदलली जात नाहीत. उष्णतेने त्यांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि प्रकाश विखुरतो. दुखत नाही, म्हणून माणसं वर्षानुवर्षं थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. साधा काळा चष्मा पुरत नाही. अवरक्त किरण अडवणारा प्रमाणित चष्माच हवा. मोतीबिंदू विरघळवतील असे सिद्ध झालेले थेंब आज नाहीत, उपाय शस्त्रक्रियाच. शिवाय धूसर दिसण्यामागे काचबिंदू किंवा पडद्याचा विकारही असू शकतो. बाहुली मोठी करून तपासल्याशिवाय मीही काही ठरवणार नाही. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा.

गुडघ्याला शॉर्टवेव्ह डायथर्मी (लहरींनी शरीराचा आतला भाग शेकायचा उपचार) सुचवली आहे. मांडीत स्टीलची पट्टी आहे, सांगायला हवं का?

पहिल्याच दिवशी सांगा. धातूभोवती ऊर्जा एकवटून आतली ऊती भाजू शकते, वरची त्वचा मात्र ठीक दिसते. पेसमेकर असेल तर डायथर्मी नकोच. पट्टी बसवणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

मायक्रोवेव्हचं दार नीट बसत नाही. वापरला तर चालेल?

नाही. आधी दुरुस्त करून घ्या.