पोटावरची चरबी आणि आतड्यातला पॉलिप

प्रश्न : माझे वय 49, वजन 91 किलो आणि कंबर 104 सेंटिमीटर आहे. शौचावाटे रक्त गेल्याने कोलोनोस्कोपी केली, तेव्हा मोठ्या आतड्यातून एक पॉलिप (अस्तरावर वाढलेली छोटी गाठ) काढण्यात आला. अहवालात कर्करोग नाही, तरीही डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. चरबी पोटावर आणि पॉलिप आतड्याच्या आत, मग या दोहोंचा संबंध काय? खाल्लेले तेल-तूप आतड्याला चिकटून बसते, असे सासूबाई म्हणतात. ते खरे आहे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तेल-तूप आतड्याला चिकटून बसत नाही. ते लहान आतड्यातच पचून शोषले जाते. शिवाय आतड्याच्या अस्तरातील बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. चरबीचा आणि पॉलिपचा संबंध आहे तो या नव्या पेशींना मिळणाऱ्या निरोपांमधून.

मोठ्या आतड्याच्या अस्तरात हातमोज्याच्या बोटांसारखे लाखो सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूळपेशी असतात. त्या विभागतात, नव्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि काठाशी पोहोचल्यावर गळून पडतात. किती विभागायचे आणि कधी थांबायचे, हे आसपासच्या पेशींकडून आणि रक्तातून येणाऱ्या रासायनिक संदेशांवर ठरते. पोटातील अवयवांभोवतीची चरबी म्हणजे नुसती कोठीत पडून राहिलेली बेगमी नव्हे. तीही असे संदेश सतत रक्तात सोडत असते.

यातला पहिला संदेश इन्सुलिनचा. पोटाची चरबी वाढली की स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिक तयार करते. (उपाशीपोटीची साखर ‘नॉर्मल’ आली म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, ती साखर काबूत ठेवण्यासाठी इन्सुलिन दुप्पट राबत असू शकते.) इन्सुलिन पेशींना वाढीचाही इशारा देते, आणि त्याच्याशी साधर्म्य असलेल्या आयजीएफ-1 या वाढीच्या घटकाला बांधून ठेवणारी काही प्रथिने कमी करून त्यालाही मोकळे करते. या दोहोंमुळे पेशींचे विभाजन वाढते आणि बिघडलेल्या पेशींचे वेळेवर मरणे लांबते.

चरबीच्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक जास्त आणि ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक कमी सोडू लागतात; पहिले वाढीला हातभार लावते, तर दुसरे तिला आवर घालते. फुगलेल्या चरबीत भक्षकपेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) शिरून मंद दाह सुरू ठेवतात, तोही त्याच दिशेने ढकलतो.

मला सर्वांत लक्षणीय वाटते ते ग्वानिलिन. हे संप्रेरक आतड्याच्या पेशी स्वतःच तयार करतात आणि त्यांच्याच पृष्ठभागावरील एका ग्राहीला (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) चिकटून ते विभाजनाला लगाम घालते. उंदरांवरील प्रयोगांत लठ्ठपणामुळे ग्वानिलिन बनणे जवळजवळ थांबले आणि गाठी वाढल्या. त्याचा पुरवठा चालू ठेवल्यावर मात्र आतड्याचे संरक्षण झाले. उंदरांत जे दिसले ते माणसांत तसेच घडेल असे नाही, त्यामुळे यावरून कोणतेही औषध मागू नये.

माणसांपुरते बोलायचे तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये अतिरिक्त चरबीशी निगडित 13 कर्करोगांत मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा समावेश केला. लठ्ठ व्यक्तींत हा धोका सामान्य वजनाच्या व्यक्तींपेक्षा साधारण एक-तृतीयांशाने अधिक आढळतो, आणि पुरुषांत हा संबंध जास्त ठळक आहे. बहुतेक पॉलिपचा कर्करोग होत नाही. ज्यांचा होतो त्यांना सहसा दहाएक वर्षे लागतात, आणि तुमचा तर काढलेलाच आहे.

भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा 90 सेंटिमीटर मानली जाते, म्हणून वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही वापरावी. रोज भरभर चालण्याने, वजन फारसे उतरले नाही तरी, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. पुन्हा रक्त दिसल्यास ‘मूळव्याध असेल’ म्हणून अंगावर काढू नये. पॉलिपची संख्या, आकार आणि प्रकार यांवर पुढची कोलोनोस्कोपी कधी करायची हे ठरते. तेव्हा तो अहवाल जपून ठेवावा आणि डॉक्टरांकडून पुढील तपासणीची तारीख त्यावरच लिहून घ्यावी.