रोज गॅसची गोळी घेऊनही पोट ताळ्यावर का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की म्हापशात राहता, वय 34, पावसाळ्यात एकदा उलट्या-जुलाब झाले आणि तेव्हापासून पोटाची घडी विसकटली. सकाळचा चहा घेतला की धावत संडास गाठायचा, दोन दिवस पातळ, मग दोन-तीन दिवस पोट साफच होत नाही. बेंबीच्या खाली मुरडा येतो, जाऊन आलं की बरं वाटतं. रोज पॅन्टोप्राझोल (जठरातलं ॲसिड कमी करणारी, जिला तुम्ही गॅसची गोळी म्हणता ती) चालू आहे, कंबरेसाठी अधूनमधून पेनकिलर. घरचे म्हणतात, ॲसिडिटी.

मी डॉक्टर नाही, फोंड्याला औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. पण तुमचं वर्णन वाचून मला हा त्रास ॲसिडिटीचा वाटत नाही. ती वरच्या पोटात आणि छातीत जाणवते: जेवून लगेच आडवं झालं की जळजळ, घशाशी आंबट पाणी. रात्री उशिराचं जेवण, फेणी, सुटलेलं पोट यांनी वाढते. तिथे ही गोळी उपयोगी पडते, तीही जेवणाआधी अर्धा तास घेतली तर. मुरड्यावर आणि सकाळच्या घाईवर तिचा इलाज नाही.

तुमची लक्षणं मोठ्या आतड्याची आहेत, आणि त्यातही आयबीएसशी, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमशी जुळणारी. यात आतड्याला जखम किंवा गाठ नसते, रिपोर्ट चांगले येतात, पण आतड्याची हालचाल बिघडलेली असते आणि तिथल्या नसा नको इतक्या हळव्या झालेल्या असतात. जुलाबाच्या साथीतून उठलेल्या साधारण दहातल्या एकाला हे मागे लागतं. रिपोर्ट चांगला आला की माणसाला ‘मनाचा खेळ आहे’ म्हणून परत पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं. दुखणं खरं असतं.

तरी आयबीएसचा शिक्का स्वतःच मारून घेऊ नका. तशीच लक्षणं दाखवणारी बरीच दुखणी आहेत. दूषित पाण्यातून येणारा जिआर्डिया पोटात महिनोन्‌महिने राहू शकतो, तो शौचाच्या तपासणीत सापडतो. चहातलं दूध पचत नसेल, तर आठवडाभर कोरा चहा पिऊन फरक कळेल. गव्हाचं वावडं असण्याची शक्यता आहे, पण रक्ततपासणीआधी पाव-चपाती सोडू नका, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. थायरॉइडही बघून घ्या.

मला जास्त काळजी तुमच्या पेनकिलरची वाटते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी जठराला अल्सर, म्हणजे जखम होऊ शकते. अल्सरचं दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1982 साली तो दाखवून देईपर्यंत जग तिखटाला आणि काळजीलाच दोष देत होतं. 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे अजून हुमणातल्या (माशाच्या कालवणातल्या) मिरचीलाच बोल लावतात. मिरचीने जळजळ वाढेल, अल्सर होणार नाही. या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली, तर पॅन्टोप्राझोल दोन आठवडे आधी बंद असायला हवं, म्हणून ते चालू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा.

शौचात रक्त, न ठरवता घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रेंगाळणारा ताप, कमी झालेलं हिमोग्लोबिन, यांतलं काहीही असेल तर आयबीएस बाजूला ठेवा. आतड्याचा टीबी, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या सुजेचे आजार, कर्करोग, सगळं तपासावं लागतं. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. आणि डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच झाली तर त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा जवळच्या इस्पितळात जा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण चक्कर, घाम किंवा धाप असेल तर तो विचार करत बसू नका.

हे काही नसेल तर याच आठवड्यात साधी वेळ घ्या. तोवर काय खाल्लं आणि पोट कसं होतं ते रोज लिहून ठेवा, आणि जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, कंबरेच्या गोळ्यांचंसुद्धा.